आप्पांच्या मोबाईलवरचा ठिपका

तरवड पुन्हा फुलला. कुरकुंभला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी नेहमी डाव्या खिडकीला बसते. गेल्या आठवड्यात सकाळच्या पाळीला जाताना दौंड मागे पडलं आणि माळावर तो पिवळाधमक दिसला. बसमधले निम्मे लोक झोपलेले होते, निम्मे मोबाईलमध्ये होते. माझे पाय मात्र बसमध्ये बसायला नको म्हणू लागले.

आमच्याकडचा पाऊस हा परत निघालेला पाहुणा. आषाढात तो पुण्यापलीकडच्या डोंगरांवर सगळं ओतून मोकळा होतो आणि आमच्या वाट्याला नुसते ढग पाठवतो. खरा येतो तो भाद्रपद-आश्विनात, परतीच्या वाटेवर, तेही त्याच्या मनात आलं तर. मग माळावरचं कुसळी गवत गुडघ्याएवढं होतं, बाजरीची कणसं भरतात, आणि भीमेकाठचा ऊस इतका वाढतो की त्यात शिरलेला माणूसच काय, बिबट्याही दिसत नाही. नवरात्रात घटाच्या माळेसाठी बायका तरवडाची फुलं काढायला माळावर जातात. मी त्या दिवसांत डोंगरावर जाते. माळेसाठी गेलेल्या बाईला कुणी विचारत नाही, एकटी का गेलीस. मला विचारतात.

मी एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. सुधीर, माझे यजमान, रेल्वेत गार्ड आहेत. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या रेल्वे कॉलनीत अजून कुणाच्या तोंडात ते बसलेलं नाही. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि माझे सुट्टीचे दिवस एकदम मोठे झाले. एका मैत्रिणीबरोबर डोंगरात जायला लागले, पुढे तिचा गुडघा गेला, आणि मी एकटीच जाऊ लागले. मग एकटीनं चालायची चटकच लागली. कुणाशी बोलायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही, कुणाला भूक लागली का ते बघायचं नाही. असा दिवस बाईला किती वेळा मिळतो ते बाईलाच विचारा.

"देव तरी हाय का तिथं?" शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं. नाही, म्हटलं. "मग कशाला जायचं?" त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. कुरकुंभच्या डोंगरावर देवीला मी रोज चढून गेले असते तर कॉलनीत माझं कौतुक झालं असतं. देवासाठी दुखले तर ते पाय पुण्यवान, आणि बिनदेवाच्या डोंगरावर चढले की तेच पाय आगाऊ. हा हिशेब मला कधी पटला नाही आणि आता या वयात तो पटवून घ्यायचा माझा विचारही नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी वाट चुकले. लपवायचं काही कारण नाही, चालणारीच चुकते. पण कशी चुकले ते सांगायला हवं, कारण तशी चूक फक्त आमच्याकडचं माणूस करू शकतं. माझं माहेर भीमेकाठी. नदीच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. तिथं सगळं पाणी मावळतीकडून येतं आणि उगवतीकडे जातं. मुळा-मुठा भीमेला मिळते, घोडनदी भीमेला मिळते, ओढेनाले सगळे तिकडेच वळतात. लहानपणी पूर आला की आम्ही काठावर उभं राहून पश्चिमेकडून काय काय वाहत येतंय ते बघायचो. नारळ, झेंडूचे हार, चपला, पुण्याची जलपर्णी, एकदा तर अख्खी खुर्ची. पाणी डोंगरातून निघतं आणि आपल्या दारावरून जातं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. उजवा हात कुठला हे जसं कळतं तसंच ते कळत गेलं.

मुळशीमागच्या घाटमाथ्यावर त्या दिवशी दुपारी धुकं उतरलं. मोबाईल सकाळपासून रेंज शोधून शोधून दमला होता. माझी ओली बोटं त्याच्या पडद्याला ओळखू येईनात आणि थोड्या वेळात तो बंदच पडला. सूर्य नाही, सावली नाही. पण पायाशी पाण्याची एक धार वाहत होती, आणि ती बघून मला अगदी हायसं वाटलं. हिच्या संगतीनं उतरलं की मुळशीचं धरण, तिथून पुणे, तिथून हेच पाणी पुढे माझ्या माहेराला. कुणी घरी न्यायला यावं तशी ती पुढे चालली होती आणि मी मागे. मध्ये एकदा वाटलं, उतार जरा जास्तच आहे. पण पाण्यावर संशय घ्यावा हे काही मनात आलं नाही. धुक्याच्या खाली आले तेव्हा समोर धरण नव्हतं. खोल दरी होती आणि तिच्या तळाशी भातखाचरं, कौलं, नारळाची झाडं. कोकण. मी डोंगराच्या धारेच्या पलीकडे उतरले होते, आणि त्या पाण्याचा भीमेशी काही संबंध नव्हता.

गुरांनी मळलेली एक वाट सापडली म्हणून तिन्हीसांजेच्या आत खाली पोचले. मोळी घेऊन चाललेल्या एका बाईनं विचारलं, कुठल्या? दौंडच्या, म्हटलं. तिला दौंड माहीत नव्हतं. पाण्याच्या मागं मागं आले, असं सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला मोळी खाली ठेवावी लागली.

"घाटावरची मानसं तुमी," ती म्हणाली. "पानी काय सगलं तुमच्याच गावाला जातं?"

तिनंच घरी नेलं, चहा दिला, घरातला फोन दिला आणि रात्री ठेवूनही घेतलं. सुधीरना फोन लावून कुठं आहे ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जेवलीस का?" तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझी जी काही मिजास होती ती त्या दोन शब्दांपुढे टिकली नाही. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तर त्यांनी दाढी केलेली नव्हती आणि ड्यूटी कुणाला तरी बदलून दिली होती.

आम्ही दोघांनी ते आपापसात मिटवलं असतं. पण तोवर बातमी शिरूरला पोचली होती. शिरूरकडच्या गावी सुधीरचे थोरले भाऊ राहतात, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. शेती, सोसायटीचं राजकारण आणि ऊस वाहणारे ट्रक, असा त्यांचा पसारा. प्रत्येक ट्रकमध्ये त्यांनी ट्रॅकर बसवलाय. ओट्यावर खुर्ची टाकून ते मोबाईलवर ट्रकांचे ठिपके बघत बसतात आणि एखादा ठिपका ढाब्यावर थांबला की लगेच ड्रायव्हरला फोन लावतात. घटस्थापनेला ते आमच्याकडे आले आणि फराळाच्या ताटाशेजारी त्यांनी काडेपेटीएवढी काळी डबी ठेवली. आप्पा माझ्याशी थेट बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोला सांगायचं ते भावाला सांगायचं, मग ती समोर उभी का असेना.

"सुधीर, तिला म्हणावं, ह्ये पिशवीत टाकून ठेव," ते म्हणाले. "बाकी कायबी करायला नगं. कुठं हाय त्ये मला हितं बसून दिसंल."

"तुम्हाला?" मी विचारलं.

"तिला म्हणावं, मी काय परका हाय का?" आप्पा सुधीरनाच म्हणाले. "पुन्हा कोकणात उतरली तर गाडी तरी धाडता यील."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि त्यामुळेच नाही म्हणणं अवघड होतं. दुष्ट माणसाला तोंडावर नाही म्हणता येतं. काळजी करणाऱ्याला नाही म्हटलं की आपणच निर्दयी ठरतो. सुधीर माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत तो फोनवरचा आवाज होता. मी डबी पिशवीत टाकली.

पुढचे काही दिवस कसे गेले ते आठवलं की आजही डोकं तापतं. एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर शबानाकडे गेले. शबाना माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आहे, तिचं घर दौंडच्या बाजारामागच्या गल्लीत. घरी आले तर आप्पांचा फोन येऊन गेला होता, बाजारामागं एवढा वेळ काय काम होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी शबानाला सांगितलं, तर ती हातातलं काचेचं भांडं सांभाळत हसत सुटली.

"तुझ्या आप्पांना सांग," ती म्हणाली, "आमच्या घरचा चहा गॅसवर न्हाई, गप्पांवर उकळतो."

मी हसले, पण त्यानंतर तिच्याकडे जाताना पिशवीचं ओझं वाटायला लागलं. एकदा मी भीमेच्या काठावर नुसतीच बसले होते. काहीही करत नव्हते, पाय दुखत होते आणि पाणी बरं दिसत होतं. आप्पांचा पुन्हा फोन. नदीला कशाला बसली हुती, घरात काय झालंय का? सुधीर मला विचारताना ओशाळले. काही नाही, म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की आता मला काही न करण्याचंही कारण द्यावं लागतंय. ज्या ठिपक्याचा खुलासा करावा लागत नाही असा ठिपका म्हणजे घरात बसलेला ठिपका.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी मी यवतमागच्या डोंगरात गेले. डबीत सिम असतं, रेंज असली तरच ती बोलते. डोंगराआड गेले आणि माझा ठिपका यवतच्या बसथांब्यावर जो थांबला तो दिवसभर तिथंच राहिला. मी वर उन्हात सोनकीच्या फुलांतून चालत होते आणि शिरूरमध्ये माझी चौकशी चालू होती, डोंगराचं नाव सांगून ही दिवसभर थांब्यावर काय करत बसली म्हणून. जिथं मी हरवू शकते तिथं ही डबी मुकी, आणि जिथं मी डोळे मिटून चालू शकते तिथं ती चहाडखोर. आमच्या भागात उसात धरलेल्या बिबट्याच्या गळ्यात कधी कधी पट्टा घालून त्याला सोडतात, म्हणजे तो कुठं आहे ते कळत राहतं. बिबट्याचं एक ठीक आहे, त्यानं कुणाच्या तरी शेळ्या नेलेल्या असतात. मी कुणाचं काय नेलं होतं?

नुसता नकार देऊन भागत नाही. मग करणार काय, असं लोक विचारतात आणि त्यांचं बरोबर असतं. मी चुकले होते हे खरंच होतं. पुन्हा चुकायची मला हौस नव्हती. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी डोंगरातल्या जीपीएस यंत्रांबद्दल वाचायला लागले. प्रयोगशाळेत नवं उपकरण घेताना आम्ही आधी विचारतो, हे खोटं कधी बोलतं? तोच प्रश्न मी इथं लावला. मोबाईलमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवला तर तो रेंजशिवाय चालतो, पण पावसात आणि बॅटरीत मार खातो, ते मी भोगलं होतं. मनगटावरचं घड्याळ दिसायला छान, पण तेवढ्याशा तबकडीवर डोंगराची धार शोधायची म्हणजे माझ्या चष्म्याची परीक्षा. हातात धरायचं, बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र दिसायला जुनाट. पण पेन्सिल सेल घाटातल्या टपरीवरही मिळतो.

पुण्यातल्या दुकानात सुधीर बरोबर आले. विक्रेता पहिल्यापासून त्यांच्याशीच बोलत होता.

"सर, हे मॉडेल घ्या. मॅडम कुठं आहेत ते तुम्हाला घरबसल्या दिसत राहील."

"मला दिसायचं नाहीये," मी म्हटलं. "मला बघायचंय."

तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडे मान वळवली. मग त्यानं नीट दाखवलं, माहितीही दिली. थेट उपग्रहावरून निरोप धाडणारी यंत्रं परदेशात मिळतात, पण आपल्याकडे ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, हे त्यानंच सांगितलं. मी बटणांचं यंत्र हातात घेतलं. बाटलीतल्या पाण्यानं बोटं भिजवून सगळी बटणं दाबली. दुकानाबाहेर फुटपाथवर उन्हात धरून पडदा दिसतो का ते बघितलं. सेलचं झाकण नखानं उघडतं का, आल्या वाटेनं परत नेणारी खूण कुठं दिसते, हे बघितलं. नकाशावर उंचीच्या रेघा होत्या. त्या कुठं एकमेकींकडे पाठ करतात, म्हणजे पाणी कुठून दोन दिशांना फुटतं, ते बोट ठेवून शोधलं. विक्रेता जरा अपराध्यासारखा म्हणाला, "मॅडम, ह्यात सिम नाही. हे कुणाला काही कळवत नाही."

"हेच द्या," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर सुधीर रसवंतीच्या गाड्याजवळ थांबले. रस काही मागितला नाही.

"तुला वाट कळंल," ते म्हणाले. "पण मला कसं कळायचं?"

दुकानात ज्याचं उत्तर मिळत नव्हतं असा प्रश्न तो हाच होता. मी त्यांना आमच्या कारखान्यातलं सांगितलं. मोठ्या टाकीत माणूस सफाईला उतरतो तेव्हा तिचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून त्यांना कुलूप लावतात. आत जाणारा प्रत्येक जण स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवून आत जातो. मॅनेजर असो की मालक, दुसऱ्याचं कुलूप कुणी काढायचं नाही. एकदा एक जण कुलूप तसंच विसरून घरी गेला आणि बहिणीच्या हळदीला बसला, तर त्याला तिथून हळदीच्या अंगानं गाडीत घालून आणलं होतं. काम खोळंबलं, सगळे चिडले, पण कुलूप त्यानंच काढलं. कारण जीव ज्याचा आत जातो, चावी त्याच्याकडे पाहिजे. आणि बाहेर एक माणूस उभा असतो, त्याला माहीत असतं की आत कोण गेलंय आणि कधी बाहेर यायचंय. तो आत डोकावून प्रश्न विचारत बसत नाही. वेळ टळली तर मात्र तो एक क्षण थांबत नाही.

"तुम्ही बाहेरचा माणूस व्हा," मी म्हटलं. "वाट सांगून जाईन, परतायची वेळ सांगून जाईन. वेळ टळली तर सगळं गाव काढा शोधायला. तोवर चावी माझी."

"वेळ टळायची वाट बघणं सोपं नसतंय," ते म्हणाले.

"माहितीय," मी म्हटलं. मला खरंच माहीत होतं. पण त्यांची भीती कमी व्हावी म्हणून मी माझं चालणं त्यांच्या हातात द्यावं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

"आप्पाला कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

"मी."

"त्यो तुझ्याशी बोलत न्हाई."

"ऐकू तर येतं ना त्यांना?"

ते हसले. मी वाट चुकले त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच हसले होते.

दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही गावी गेलो. ओट्यावर आप्पा, पुढ्यात आपट्याच्या पानांचा ढीग, येणारीजाणारी माणसं. जरा गर्दी सरल्यावर मी डबी त्यांच्यासमोर ठेवली.

"आप्पा, ही तुमची. ट्रकला लावा."

आप्पांनी सुधीरकडे बघितलं. सुधीर हातातलं आपट्याचं पान बघत राहिले. मधला माणूस काही बोलेना म्हटल्यावर आप्पांना माझ्याकडे बघावंच लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आन् हरवली म्हंजी?" त्यांनी मला विचारलं.

"हरवले तर वाट शोधीन."

"न्हाई घावली तर?"

"तर तेही माझंच असेल, आप्पा."

ते पटलं असं ते म्हणाले नाहीत. डबी उचलून त्यांनी खिशात टाकली. निघताना मी नमस्काराला वाकले तेव्हा डोक्यावर हात ठेवला, आणि सुधीरना म्हणाले, "तिला म्हणावं, पायात बूट तरी नीट घालत जा." तेव्हापासून पुन्हा सगळं सुधीरमार्फतच चालू आहे. माझी काही तक्रार नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याच घाटमाथ्यावर गेले. मुद्दाम गेले. पहाटेची गाडी, पुणे, मग एसटी. धुकं त्या दिवशीही आलं, जणू माझ्याच वाटेवर बसलं होतं. खिशातलं यंत्र काढलं, ओल्या बोटानं बटण दाबलं. उंचीच्या रेघांमध्ये मी कुठं उभी आहे ते दिसलं. त्या जागी थोडं इकडे-तिकडे फिरले तर गवतात पाणी झिरपत होतं. एक ओल या अंगाला, एक त्या अंगाला, मध्ये घरातल्या ओसरीएवढी जागा. इकडचं पाणी भीमेला जाणार, तिकडचं कोकणात. मागच्या वेळी मी इथंच चुकले होते आणि चुकायला माझ्या पायांनी फार काही केलेलं नव्हतं. मी त्या मधल्या जागेवर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. भीती वाटत होती, ती वाटू दिली. मी इथं आहे हे जगात कुणालाही दिसत नव्हतं आणि मला मात्र नेमकं माहीत होतं. असं सुख मला लग्नात, नोकरीत, देवदर्शनात कुठं मिळालेलं नाही. हे लिहिताना काकूंना राग येईल, तर येऊ दे.

संध्याकाळी दौंडला उतरले. सांगितलेली वेळ टळायच्या आतच पोचले होते, तरी सुधीर फलाटावर उभे होतेच. घड्याळ बघून झाल्यावर त्यांनी ते बघितलंच नाही असं दाखवलं.

"कुठवर गेलतीस?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला कुणी विचारून किती दिवस झाले होते. माझा ठिपका आप्पांच्या मोबाईलवर होता तेव्हा चौकशी व्हायची, पण कुठवर गेलीस, असं कुणी विचारायचं नाही, कारण ते सगळ्यांना आधीच दिसलेलं असायचं. आता सुधीरना खरंच माहीत नव्हतं. मग मी सांगायला लागले. एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीपासून सुरुवात केली, पुलावर सांगितलं, कॉलनीच्या रस्त्यावर सांगितलं, हातपाय धुताना आतून ओरडून सांगितलं, जेवताना सांगितलं. पाणी कुठं फुटतं ते ताटात भाताची डोंगरधार करून, तिच्यावर आमटी ओतून दाखवलं. सुधीर जेवण थांबवून ऐकत होते.

सगळं सांगितलं, एक जागा सोडून. परतताना मी वाट जरा वाकडी करून एका ठिकाणी गेले होते. यंत्रात तिची खूण केली आणि नावाची जागा कोरी ठेवली. तिथं काय आहे ते सुधीरना सांगितलं नाही. या रविवारी, वाट आणि परतायची वेळ सांगून, मी पुन्हा तिथं जाणार आहे. आल्यावर त्यांनी विचारलं तरी सांगणार नाही, आणि तुम्हालाही नाही.